ऑर्गनवरची बाबांची जागा

बाबांनी उभा जन्म शिवणयंत्रं दुरुस्त केली आणि दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. यंत्र कुरकुरलं की आधी त्याच्या लाकडावर तळहात ठेवायचे. थरथरीवरून त्यांना दुखणं कळायचं. आई गेली, दात गेले, मग कानही गेले. आता डाव्या कानाशी ओरडलं तर निम्मं कळतं, उरलेलं ते आपल्या सोयीने लावून घेतात. ऑर्गन मात्र सुटला नव्हता.

त्या रविवारी मी बऱ्याच दिवसांनी माहेरी आले होते. उशीर झाला म्हणून चर्चच्या बाजूच्या दाराने शिरले, ती थेट ऑर्गनच्या मागे. गीत सुरू होतं. बाबा डोळे मिटून वाजवत होते. पण ऑर्गनच्या स्पीकरची वायर जमिनीवर पडली होती, नीट गुंडाळून, रबरबँड लावून. सूर येत होते खांबाआडून. तिथे पाळकांची सून कीबोर्ड घेऊन बसली होती.

अख्खी मंडळी गात होती, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि माझे बाबा एकटेच मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवत होते!

उपासना संपताच मी पाळकांना गाठलं. "पाळकसाहेब, माझ्या बाबांचं खेळणं केलंत तुम्ही?"

ते चपापले. "अहो ताई, सूर फार चुकायला लागले होते. त्यांना उठा म्हणायची कुणाची छाती होईना."

"म्हणून फसवायचं? तेही देवाच्या घरात?"

मी पाय आपटत निघाले.

घरी आल्यावर मात्र माझंच धाबं दणाणलं. सांगावं तर बाबा कोसळणार, न सांगावं तर मीही त्या फसवणुकीत सामील. शेवटी कानाशी ओरडले, "बाबा, तुमच्या ऑर्गनची वायर काढून ठेवलीय!"

बूट काढता काढता ते म्हणाले, "हो. बरेच महिने झाले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझे गुडघे टेकलेले असतात ना लाकडाला. थरथर बंद झाली, तेव्हाच कळलं."

"आणि राग नाही आला?"

"आला तर! दोन रविवार पाळकाशी अबोला धरला. त्याला पत्ताच नाही." ते बोळकं पसरून हसले. "मग प्रभूशी भांडलो. पण बाई, दात काय नि कान काय, सगळं त्याच्याकडून उसनं आणलेलं. परत करताना तोंड वाकडं करून कसं चालेल? बोटं अजून मागितली नाहीत त्याने. तोवर त्याच्यासाठी वाजवतो. त्याला कुठे वायर लागते?"

मला रडू फुटलं. बाबांनी माझा हात धरून मला जवळ ओढलं. आता त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती.

"एक सांग. लोकांची तोंडं तर एका तालात हलतात, म्हणजे माझ्या जागी कुणीतरी वाजवतंय. चांगलं वाजवतं का गं? मला ऐकूच येत नाही."