गच्चीवरच्या चाळीस फेऱ्या

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्यांदा उप्पीट वाढून घेत होते. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. हॉस्पिटलमधून माधवभावजी बोलत होते. "वहिनी, गेली..." एवढंच म्हणाले. आठ दिवसांचा डेंग्यू. शैला माझी धाकटी जाऊ, एक्कावन्न वर्षांची. बसवनगुडीतल्या आमच्या घरात खाली आम्ही आणि वर ती नि भावजी, अशी सव्वीस वर्षं काढली. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, बोलेनही, पण आधी माझं सांगते. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो असा, की एवढं चालून, एवढं वजन उतरवून काय मिळालं हिला शेवटी? रडू त्याच्यानंतर आलं. बाई मेली तरी माझं तिच्यावर जळणं काही थांबलं नव्हतं.

हे जळणं सुरू झालं साडेचार वर्षांपूर्वी. आम्ही दोघींनी एकाच दिवशी रक्त तपासायला दिलं आणि दोघींची साखर सारखीच वाढलेली निघाली. वजनंही उन्नीस-बीस. आमचे डॉक्टर म्हातारे आहेत, फार बोलत नाहीत. दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाले, "उद्यापासून चाला. स्वल्प स्वल्प करून वाढवा." दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आमच्या फाटकापासून वळणापर्यंत विजेचे अकरा खांब आहेत. शैला तिसऱ्याच खांबाला हात टेकून धापा टाकत उभी राहिली. मी सातव्यापर्यंत गेले आणि कमरेवर हात ठेवून तिची वाट बघत थांबले. "अक्का, तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. पुण्याची असून लग्नानंतर महिन्याभरात ती मला घरातल्यासारखी अक्का म्हणायला लागली होती. मी पुढे झाले. त्या आठवड्यात मी जेवढी खूश होते तेवढी मुलाच्या लग्नातही नव्हते.

मग बनशंकरीला भाचीचं लग्न निघालं. चार दिवस चालणं बुडालं, पाचव्या दिवशी पाय दुखत होते, सहाव्या दिवशी पाहुणे होते. सातव्या दिवसाचं कारण आता आठवत नाही, पण होतं काहीतरी. शैला मात्र लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पायात बूट घालून फाटकाशी उभी. तिची पद्धत एकच होती. दर सोमवारी एक खांब वाढवायचा, मधल्या दिवशी कितीही हुरूप आला तरी वाढवायचा नाही. तिसऱ्याचा चौथा, चौथ्याचा पाचवा. मला हसू यायचं. अशा वेगानं ही वळणावर पोचेस्तोवर माझे केस पांढरे होतील, असं मी ह्यांना म्हणालेही होते. रोज सकाळी ती फाटकातून हाक मारायची, "अक्का, येताय?" मी स्वयंपाकघरातूनच ओरडायचे, "उद्या गं." ती कानडीत "सरी," म्हणजे बरं, म्हणायची आणि निघायची.

केस काही पांढरे झाले नाहीत, ती मात्र वळणावर पोचली. मग पार्कात जायला लागली, तिथे तिला मैत्रिणी मिळाल्या. मग जिना चढताना दम लागेनासा झाला. मग तिचे ब्लाऊज उसवून लहान करून आले आणि माझे उसवून मोठे. आमचा शिंपी एकच. ह्यांनी एकदा जेवताना सहज म्हटलं, "शैलानं मनावर घेतलंय हं." मी त्या दिवशी ह्यांना ताक दिलं नाही.

खरा घाव बसला तो गौरीच्या जेवणाला. आमच्याकडे ते जेवण अजून पाटावर, केळीच्या पानावर होतं. ज्यांचे गुडघे गेले त्यांच्यासाठी भिंतीशी टेबल मांडतात आणि सगळे त्याला पेन्शनरांचं टेबल म्हणतात. मागची तीन वर्षं शैला आणि मी तिथेच, दोन आत्यांच्या शेजारी बसत होतो. त्या वर्षी ती सरळ पाटाकडे गेली आणि हात न टेकता मांडी घालून बसली. उठलीही तशीच. मी टेबलावरून बघत होते. एका बाजूला ऐकू न येणारी आत्या, दुसऱ्या बाजूला कवळी काढून जेवणारी. मला तेव्हा एवढा राग आला की आपलं पान सोडून उठले आणि तूप वाढायला घेतलं. आग्रह करायचा हक्क थोरल्या सुनेचा, आणि नैवेद्याच्या पदार्थाला नाही म्हणता येत नाही. मी तिच्या पानात दोन होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, जास्तीच्या टाकल्या आणि वर तुपाची धार धरली. तिनं एक खाल्ली, एक भावजींच्या पानात सरकवली आणि माझ्याकडे बघून हसली. हसली म्हणूनच जास्त झोंबलं.

जेवणं झाल्यावर थोरल्या आत्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "शैला कशी शेंगेसारखी झाली, तुझं काय गं?" आणि मी बोलून गेले. "मीपण चालते की. संध्याकाळी गच्चीवर. चाळीस फेऱ्या." तीस म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण तोंडून चाळीसच निघालं. शैला पानं उचलत होती. ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि आत्यांना म्हणाली, "हो, अक्कांचा नेम आहे."

मला वाटलं, फसली. त्या दिवसापासून तिनं मला सकाळी हाक मारणं बंद केलं. आता ती पार्कातल्या बायकांची झाली, जाऊ कशाला हवी, असा अर्थ मी लावला. सुटल्यासारखंही वाटलं आणि रोज सकाळी त्या वेळेला कानही तिकडेच लागायचे. कुणी वजनाचा विषय काढला की मी चाळीस फेऱ्या सांगायचे. तीन वर्षं सांगितल्या.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी पार्कातल्या बायका भेटायला आल्या. त्यात एक नागपूरची, आयटीतली, तिशीतली मुलगी होती. ती अशी रडत होती की मीच तिला पाणी दिलं. मला तिचाही हेवा वाटला. सव्वीस वर्षं एका घरात मी राहिले आणि हिला माझ्यापेक्षा जास्त रडू येतंय. ती डोळे पुसून म्हणाली, "गच्चीवर चालणाऱ्या अक्का तुम्हीच ना? शैलाताई आम्हाला कायम सांगायच्या. म्हणायच्या, मी आळस केला तर आमच्या अक्का पुढे निघून जातील." मी मान हलवली. दुसरं काय करणार.

चौदाव्या दिवशी मी तिच्या खोलीत साड्यांच्या घड्या घालत बसले होते. घरातल्या बायकांत वाटायच्या होत्या. एवढ्यात डोक्यावर पावलं वाजली. धप, धप, धप. पाण्याची टाकी धुणारा माणूस आला होता, तो गच्चीवर ये-जा करत होता. बादली ठेवली ते कळलं, चप्पल काढली ते कळलं. आमचं खालचं बांधकाम जुनं, जाड, तिथे वरचं काही ऐकू येत नाही. वरचा मजला नंतर चढवलेला. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत कधी गप्प बसलेच नव्हते, गेले की बोलत असायचे. मी साडी मांडीवर ठेवून ऐकत राहिले. तो माणूस टाकीपासून कठड्यापर्यंत किती पावलं चालला ते मला खाली बसून मोजता आलं. संध्याकाळी शैला याच खोलीत बसून भाजी निवडायची. तीन वर्षं, रोज.

मी भावजींना विचारलं, "तिला माहीत होतं?"

ते खिडकीशी उभे होते. म्हणाले, "पहिल्या आठवड्यातच. मी म्हटलं, विचार की वहिनींना. तर म्हणाली, नको. हाक मारली की त्यांना रोज खोटं बोलावं लागेल. त्या चालायला लागल्या की मला इथे कळेलच."

म्हणजे हाक बंद झाली ती त्यासाठी. आणि मी तिला गर्विष्ठ ठरवून मोकळी. मला लाज वाटली, अगदी वाटली, पण त्याहून आधी जे वाटलं ते पुन्हा तेच. हेही हिला जमत होतं. एखाद्याचं खोटं कळून तीन वर्षं गप्प बसणं मला सात जन्मांत जमलं नसतं. मी दुसऱ्या दिवशी आत्यांना फोन केला असता.

त्या दिवसाला आता महिना होत आला. दिवे लावले की मी गच्चीवर जाते. पहिल्या दिवशी तीन फेऱ्यांत कठडा धरावा लागला. काल सोमवार होता, म्हणून सातव्या फेरीवर गेले. उद्या जमली तरी आठवी घालणार नाही. भावजी त्या वेळी तिच्या खोलीत एकटे बसलेले असतात. पायऱ्यांशी चपला काढायच्या असतात, पण मी त्या घालूनच चालते, आणि पावलं जरा जोरात टाकते.