पायातून सुटणारी चप्पल

फौजेत नोकरीला असताना लष्करी इस्पितळात बाबांना कमरेखाली एक इंजेक्शन दिलं, ते नसेवर बसलं आणि त्यांचं डावं पाऊल कायमचं लुळं पडलं. हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते बदलापूरला आले, अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला, तर उत्तर आलं : दुखणं जुनंच, भरतीआधीचं, उपचारांशी संबंध नाही.

बाबांना लागलं ते हेच. "म्हणजे भरतीच्या वेळी मी लपवाछपवी केली?"

अपील केलं, डॉक्टरांच्या बोर्डापुढे बोलावणं आलं. बाबा चकचकीत पॉलिश केलेले बूट करकचून बांधून गेले. आत विचारलं, "कैसे हो?" बाबा ताठ. "एकदम ठीक, सर!" झालं, तेच कागदावर उतरलं. माझा असा संताप झाला!

"अहो बाबा, तिथे दुखणं सांगायला जातात!"

"अफसरासमोर रडगाणं? जमायचं नाही."

पुन्हा अपील केलं. या वेळी आईने सूत्रं हातात घेतली. माझा चष्मा लावून ती डॉक्टर झाली आणि स्वयंपाकघरात बाबांची तालीम सुरू झाली. "काय होतंय?" "काही नाही, सर!" हसून हसून आमची पोटं दुखली, पण बाबा काही सुधारेनात.

मग आई मला घेऊन उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बाजारात चपला घ्यायला गेली. बाबांच्या त्या पावलातून चप्पल नेहमी सुटायची आणि त्यांना कळायचंही नाही. बुटांत सगळं झाकलं जायचं.

सिंधी दुकानदार म्हणाला, "भाभी, पीछे पट्टेवाली लो, निकलेगी नहीं."

आई म्हणाली, "भैया, निकलनेवालीच पाहिजे."

बोर्डाच्या दिवशी बाबा चिडचिड करत चपला घालून गेले. मी बाहेर बाकावर बसले होते. बाबा आत शिरले, पण दार काही लागेना, कारण फटीत चप्पल अडकली होती. बाबा टेबलापुढे सावधानमध्ये उभे होते.

"कैसे हो?"

"एकदम ठीक, सर!"

डॉक्टरीणबाई दाराकडे बघत होत्या. "तो फिर वो चप्पल किसकी है?"

बाबांनी खाली पाहिलं, तर डावं पाऊल अनवाणी होतं. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि पाऊल हातात घेऊन नीट तपासलं, इंजेक्शनचे जुने कागदही पाहिले.

काही महिन्यांनी निकाल आला : अपंगत्व उपचारांमुळेच. बाबांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे मी भरती झालो तेव्हा धडधाकट होतो," ते म्हणाले आणि डोळे पुसू लागले. मीही रडले.

तेवढ्यात शेजारचे काका दारात आले. "काय हवालदार, पाय कसाय?"

"एकदम ठीक!"

आई आतून ओरडली, "आता म्हणा, हवं तितकं म्हणा!"