लाल चड्डी, जटावाला आणि भांडुपचे अप्पा

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. घरातल्या एका ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात ना, तसे ते आपोआप साठतात. आमचा ड्रॉवर म्हणजे भांडुपला मिल्याचं घर, रविवार दुपारी तीन. मी, मिल्या आणि सावंत शाळेपासूनचे मित्र. तिघंही पंचेचाळिशी ओलांडलेले, तिघांचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं. आणि आम्ही बघतो काय, तर लहानपणी बघायचो ती परदेशी कुस्ती! तीच, चड्डीवर सोनेरी बेल्ट लावून एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालायची.

सुरुवात माझ्यापासून झाली. मुलुंडला दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. मोबाइलवर अचानक एक जुनी मॅच समोर आली. लाल चड्डी विरुद्ध जटावाला. त्यांची खरी इंग्रजी नावं आमच्या चाळीत कुणाला नीट उच्चारता येत नसत, म्हणून ही आमची नावं. तीस वर्षांनी बघत होतो. निकाल पाठ होता, तरी जटावाला खुर्ची घेऊन मागून आला आणि कानात इअरफोन असल्याचं विसरून मी जीव तोडून ओरडलो, "अरे मागे बघ, मागे!"

वेटिंग रूममधल्या सगळ्यांनी मागे वळून बघितलं. रिसेप्शनिस्ट तर टेबलाखाली गेली!

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "यांना फारच दुखतंय. आधी यांना घ्या."

*

तो व्हिडिओ मी मिल्याला पाठवला. मिल्याच्या घरी तेव्हा वाईट दिवस होते. त्याचे वडील, अप्पा, वय अठ्ठ्याहत्तर, बाथरूममध्ये पडले होते. खुब्याचं ऑपरेशन झकास झालं, पण अप्पा उठेचनात. दर रविवारी चार वाजता प्राजक्ता नावाची फिजिओथेरपिस्ट यायची, वॉकर पुढे करायची, आणि अप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणायचे, "उद्या बघू." तिनं मिल्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, लवकर उभे राहिले नाहीत तर मग पलंगावरच राहतील.

हे फोनवर सांगताना मिल्या रडला. तो रडला की मला काय बोलावं ते कळत नाही. मी म्हटलं, "रविवारी येतो. कुस्ती बघू."

म्हणून टीव्ही अप्पांच्या खोलीत गेला. निदान त्यांचं तोंड भिंतीकडून वळावं, एवढीच अपेक्षा. आणि तीही जरा जास्तच होती. कारण आमच्या दहावीच्या वर्षी, ऐन फायनलच्या दिवशी, याच अप्पांनी पकडीनं केबलची वायर कापली होती!

*

पहिल्या रविवारी अप्पा भिंतीकडेच. दुसऱ्या रविवारी एक डोळा इकडे. तिसऱ्या रविवारी आवाज आला, "तो रेफरी मॅनेजमेंटचा माणूस आहे."

अप्पा चौतीस वर्षं कारखान्यात होते, त्यातली वीस युनियनमध्ये. त्यांना सगळं लगेच कळलं. "हा लाल चड्डीवाला इतकी वर्षं घाम गाळतोय आणि बेल्ट मालकाच्या जावयाला? एक दिवस सगळ्यांनी रिंगबाहेर बसायला पाहिजे. मग बघू कोण कुणाला मारतो!"

मिल्याची बायको शीतल चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अप्पा, हे सगळं आधीच ठरलेलं असतं हो."

"सोसायटीच्या वार्षिक सभेतपण सगळं आधीच ठरलेलं असतं. म्हणून आपण भांडायचं सोडतो का?"

शीतल सोसायटीची सेक्रेटरी आहे! चहा खाली ठेवून बिस्किटं आणायला गेली ती परत आलीच नाही.

पण चार वाजता वॉकर आला, की पुन्हा "उद्या बघू."

*

सावंतला वाटलं, अप्पांना जरा प्रात्यक्षिक दाखवावं. स्टुलावर चढला, कोपर उंचावलं, आणि जमिनीवर टाकलेल्या गादीवर झेप घेतली. गादी राहिली उजवीकडे!

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाठीला कसं काय लागलं?"

सावंत कण्हत म्हणाला, "पंखा पुसताना पडलो."

सोबत आलेली त्याची बायको शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, खरं कारण विचारा. सतरा वर्षांत यांनी पंख्याला हात लावलेला नाही."

पुढच्या रविवारी चार वाजता हा किस्सा ऐकून अप्पा ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले. इतके हसले की हसता हसता कूस बदलली. प्राजक्तानं लगेच वहीत लिहिलं, 'पेशंट स्वतःहून वळले.'

*

लहानपणी कुस्तीवीरांची ट्रम्प कार्डं असायची. प्रत्येक पत्त्यावर उंची, वजन, छाती, दंड आणि रँक. सावंत अजून त्याच भाषेत विचार करतो. भाच्यासाठी घाटकोपरला मुलगी बघायला गेला. मुलीचे वडील म्हणाले, "मुलाबद्दल थोडं सांगा."

"उंची पाच-नऊ, वजन ब्याऐंशी, छाती चाळीस!"

भाचा घामाघूम. तेवढ्यात मुलीनं विचारलं, "आणि रँक?"

पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे.

*

आता गेल्या रविवारचं. प्राजक्ता आली ती गंभीर चेहऱ्यानं. म्हणाली, "काका, दोन महिने झाले. आज नाही उठलात, तर माझ्या येण्याचा उपयोग नाही." टीव्हीवर लाल चड्डीला रिंगबाहेर फेकलं होतं आणि रेफरी आकडे मोजत होता. दहाच्या आत उठून रिंगमध्ये यायचं, नाहीतर हरला. मिल्यानं टीव्ही बंद केला.

"उद्या बघू," अप्पा म्हणाले.

मिल्या पलंगाशेजारी गुडघ्यावर बसला. हात उंच नेला आणि पलंगाच्या फळीवर दाणकन आपटला.

"एक!"

कुणी हसलं नाही.

"दोन!"

"काय चाललंय रे?"

"तीन!"

चारला अप्पांनी पाय खाली सोडले. पाचला वॉकर धरला. सहाला जरासे उठले आणि धपकन परत बसले. सातला पुन्हा जोर लावला.

"आठ!" मिल्या म्हणाला, आणि बापाचे थरथरणारे गुडघे बघून त्याचा आवाजच फुटेना. हात वर तो वरच राहिला.

त्या शांततेत अप्पा उभे राहिले. पूर्ण. ताठ. पायजम्याची नाडी लोंबत होती. प्राजक्ता दोन्ही हात पुढे करून उभी होती, पण तिनं त्यांना शिवलं नाही. शीतल दारात उभी राहून सरळ रडत होती. अप्पांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते मिल्याकडे रागानं बघत होते.

"आठवर का थांबलास?"

"अप्पा, तुम्ही..."

"घरचा रेफरी म्हणून सवलत? असलं जिंकणं मला नको."

आणि अप्पा वॉकर धरून हळूहळू परत पलंगावर बसले.

"मोज. पहिल्यापासून."