गाणाऱ्यानं श्वास घेतला की

सांगलीत रस्त्याकडेला ट्रॅव्हल्सची बस उभी होती. आत माझा नवा कोरा नवरा मिलिंद पासपोर्ट पुन्हा पुन्हा तपासत होता, आणि बाहेर बाबा फुटपाथवर उकिडवे बसून मॅंडोलिनच्या तारा सैल करत होते. आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून ते त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ताणलेल्या तारा विमानातून नेऊ नयेत, मान वाकते. आणि तिकडे वाजवायला माणसं शोध." लेक सातासमुद्रापार निघालीय आणि बाप एवढंच बोलतो, याचा मला तेव्हा रागच आला होता.

बाबा नगरपालिकेत कारकून. संध्याकाळी भावगीतांच्या कार्यक्रमांत मॅंडोलिनची साथ करायचे. मला त्यांनीच शिकवलं. नियम एकच: "गाणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. त्यानं श्वास घेतला की मधली जागा आपण भरायची."

आता अमेरिकेत, अल्फारेटात, अठ्ठावीस वर्षं झाली. माणसं शोधली की, नाही कशाला म्हणू? आपल्याच लोकांत, इथल्या मराठी मंडळात शोधली. त्यांची संगीतसंध्या म्हणजे कॅराओकेचा ट्रॅक, समोर फोन धरलेल्या काकू आणि मागच्या रांगेत कुठला स्कूल डिस्ट्रिक्ट चांगला याची चर्चा. एकदा माझं वाजवणं मधेच थांबवून, "जेवण गार होतंय, वाइंडअप करूया का?" असं एका काकांनी माइकवरून विचारलं. त्यानंतर मॅंडोलिन कपाटात गेलं ते गेलंच.

ते बाहेर काढलं सईनं, माझ्या मुलीनं. तिच्या ऑफिसातलं कोणीतरी दर शनिवारी एका कॉफी शॉपमागच्या अंगणात ब्लूग्रास, म्हणजे इथल्या डोंगराळ भागातलं लोकसंगीत, वाजवायला जायचं. "आई, दे हॅव मॅंडोलिन्स," म्हणाली आणि मला ड्राइव्ह करून घेऊन गेली.

काय तो थाट. घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, त्यात निवृत्त डेंटिस्ट आणि अकाउंटंट शेतकऱ्यासारखे ओव्हरऑल घालून बसलेले. अर्धा तास नुसतं ट्यूनिंग. मग गाणी, सगळी तीन कॉर्डची. डोंगरातलं घर सुटलं, आई वारली, आता पुन्हा भेट नाही, आणि लय अशी की वरातीत नाचता यावं. सगळ्यात कळवळून गाणारा रॉय तिथून वीस मिनिटांवर जन्मला आणि आजतागायत तिथंच राहतो. घर सुटल्याचं दुःख हा मला सांगणार.

तरी तारा सुरात होत्या, बोटं शिवशिवत होती. रॉय गायला लागला आणि मी बाबांची लेक, त्याची प्रत्येक ओळ संपली की सुरेख भरत गेले. वाटलं, आता यांना कळेल साथ कशाला म्हणतात. लोक माझ्याकडे बघून हसत होते. सई कानाशी येऊन म्हणाली, "आई, दे आर आस्किंग यू टु स्टॉप."

मग रॉयनं गोड आवाजात नियम सांगितले. कोणी गात असताना दुसऱ्यानं मेलडी वाजवायची नाही. गाणारा मान हलवेल तेव्हा आपली पाळी, तीही एकच फेरी. गाणाऱ्यानं पाय उचलला की गाणं संपवायचं. आणि एरवी मॅंडोलिननं फक्त चॉप करायचं, म्हणजे तारा दाबून, सूर उमटू न देता, दर दोन ठोक्यांच्या मधे नुसतं 'चक्'. बाबांच्या मॅंडोलिनवर चक्. अडकित्त्यानं सुपारी कातरायला हिला बोलवा, असंच ते सांगत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण हरून घरी बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी दर शनिवारी जात राहिले आणि चक् चक् करत मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत राहिले.

मागच्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा अडकली. मी जाऊन महिनाभर राहून आले. परतल्यावर रोज सकाळी व्हिडिओ कॉल. आई फोन धरायची. बाबा "तुला..." म्हणून अडकायचे, की आई म्हणायची, "तुला थंडी आहे का विचारतायत." पुन्हा "तुला..." की मी म्हणायचे, "हो बाबा, मला सुट्टी मिळाली की येते." एक जागा रिकामी सोडत नव्हतो आम्ही दोघी. मग बाबा डोळे मिटून घ्यायचे. आई म्हणायची, दमले.

अशाच एका शनिवारी रॉय गाता गाता शब्द विसरला. गाणं त्या सगळ्यांना पाठ होतं, पण कोणी ओठसुद्धा हलवला नाही. गिटार चालू, बॅंजो चालू, माझं चक् चालू. एक फेरी गेली, दुसरी गेली. माझा हात भरायला नुसता धावत होता, दात आवळून मी तो आवरला. तिसऱ्या फेरीला रॉय आपला आपण शब्दावर आला आणि काही झालंच नाही असा पुढे गायला लागला. मी मात्र चुकले. इतके दिवस मी बाबांना काय करत होते ते मला तिथं, त्या सुमार लोकांत बसून कळलं, आणि स्वतःची भयंकर चीड आली.

दुसऱ्या दिवशी कॉलवर आईला म्हटलं, "आज तू मधे बोलू नकोस."

"तुला..." बाबा म्हणाले.

"हं," मी म्हटलं.

मागे कुकरची शिट्टी झाली.

"तिकडे..."

"हं."

किती वेळ गेला कोण जाणे. मी नुसती हं, हं करत राहिले.

"वाजवायला... माणसं... भेटली का?"

एवढंच विचारायचं होतं त्यांना, इतके महिने. मला रडू आवरेना. म्हटलं, "भेटली बाबा. अगदीच सुमार वाजवतात, पण भेटली." त्यांचं अर्धं तोंड हसलं.

सांगली की अल्फारेटा, घर नक्की कुठलं, असं मंडळात नव्यानं आलेल्या पोरी मला विचारतात. तिकडे सांगलीत राहिलेलेही फिरून फिरून तेच विचारतात. पूर्वी मी मोठं लांबलचक उत्तर द्यायचे. आता सकाळी बाबा पुढचा शब्द शोधत असतात आणि मी गप्प राहून वाट बघते, तेवढा वेळ मी घरी असते.