पितळी डब्यावरचं पीठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, सुमनलाही नाही. तिला सांगायची गरज नव्हती, तिला ठाऊकच होतं. पण माझ्या तोंडून तिने ते कधी ऐकलं नाही आणि ती जाऊन आता तीन वर्षं झाली. म्हणजे तिला ऐकवायची वेळ मी घालवली. मुद्दाम घालवली, असंही म्हणा. मी अडवणार नाही.

म्हातारपणी मन हलकं करायला लिहितोय, असं कुणाला वाटेल. वाटू द्या. मला मन हलकं करायचं नाही. एका बाईच्या नावाला आमच्या घरात जे चिकटलं आहे, ते मला काढायचं आहे.

मी पंचाहत्तरीचा आहे. नंदनवन वस्तीत आमची पिठाची चक्की होती, घराला लागूनच. ज्योती, आमची थोरली, दीड-पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा माझ्या आईने फर्मान काढलं, आता पोरीचं दूध तोडायचं. कडुलिंबाचा पाला वाटून सुमनच्या छातीला लावला. ज्योती चार दिवस रडली आणि मग विसरली. पोरं विसरतात.

सुमनचं काय झालं, ते कुणी पाहिलं? मी तर नाहीच. तिची छाती ठणकायची. भाजी चिरता चिरता डोळ्यांतून पाणी गळायचं. विचारलं तर म्हणायची, काही नाही. आणि तिला भूक लागायची — दूध पाजताना लागायची तशीच, पोटात खड्डा पडल्यासारखी. शरीराला काय कळतं, आजपासून दूध बंद म्हणून? मी मित्रांत सांगायचो, आमच्या घरचीचं डोकं फिरलं आहे. हसून सांगायचो.

आमच्या घरी एक रीत होती. पोरगी अंगावर पिते आहे तोवर तिच्या आईला डिंकाचे लाडू. दूध तुटलं, की त्याच दिवशी लाडवांचा डबा वरच्या फळीवर. ते लाडू सुमनच्या आईने तिच्या गावाहून, कुहीवरून, करून आणले होते, खारीक, खोबरं, भरपूर तूप घालून. डबाही तिचाच, पितळी. पण उरलेले लाडू माझ्या बहिणीसाठी राखायचे ठरले. तिला सातवा महिना होता.

एकदा जेवताना सुमनने तिसरी पोळी मागितली. आई म्हणाली, "पोरीचं दूध तुटलं ना? मंग आता दोघींचं काहून खाऊन राहिली वं?"

सुमनने ताट बाजूला सारलं. मी माझी चौथी पोळी खात होतो. खात राहिलो.

आता ते सांगतो.

हिवाळ्याचे दिवस. दुपारी लाइन जायची, चक्की बंद पडायची. बायका अंगणात उन्हाला बसलेल्या असायच्या. मी स्वयंपाकघरात शिरलो, स्टुलावर चढलो, डबा उघडला. एक लाडू खाल्ला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पाच दिवस, पाच लाडू. भूक होती का? नव्हती. लाडू चवीला चांगले होते. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. नाही सापडलं.

सहाव्या दिवशी बहिणीकडे माणूस जाणार होता, म्हणून आईने सुमनला डबा उतरवायला सांगितलं. मी दारातच होतो. सुमन स्टुलावर चढली, डब्याला हात घातला आणि थांबली. झाकणावर पिठाची बोटं उमटली होती. पांढरी, स्वच्छ दिसणारी. चक्कीवरून आलेल्या माणसाचे हात — घरात असे हात एकाचेच होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदराने झाकण पुसलं, नीट, कडेपर्यंत, आणि डबा आईच्या हातात दिला.

आईने लाडू मोजले. तिच्या मनात आकडा पक्का होता.

"पाच कमी हायेत. कोणं खाल्ले?"

मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मला वाचवायचं काम सुमनने आधीच केलं होतं. पण आईने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, बाळंतिणीचे लाडू पुरुषाने चोरून खाल्ले हे कळलं तर सगळे हसतील. हसण्याचं भय, बस. मी म्हणालो, "मी पायलं हिले. परवा दुपारी, स्टुलावर चढताना."

सुमनच्या पदराला अजून पीठ होतं.

ती म्हणाली, "हाव. मीच खाल्ले."

त्यानंतर ती लाडूचोर झाली. माझी बहीण म्हणाली, जावा म्हणाल्या, लग्नाकार्यांत पंगती उठल्या की तो किस्सा निघायचा. मीही सांगितला आहे, पाहुण्यांना, चांगला रंगवून. तिची आई पुन्हा कधी लाडू घेऊन आली नाही. आणि सुमन? चारचौघांत ती कधी पोटभर जेवली नाही. मला भूकच नाही म्हणायची. सगळ्यांचं आटोपल्यावर ओट्याशी उभी राहून, दाराकडे पाठ करून चार घास खायची. पाच-दहा वर्षं नाही — जाईपर्यंत. लेकरंही म्हणायची, आई चोरून खाते.

कुणी म्हणेल, लाडूच होते ना बाबा. हो, लाडूच होते. तुम्ही जेवून पाहा दाराकडे पाठ करून, एक वर्ष तरी. मग मला येऊन सांगा. तेव्हा सगळ्याच घरी असंच होतं, हेही मला ऐकवू नका. सगळ्या घरी मी नव्हतो. या घरी मी होतो.

इतकी वर्षं गिळलेलं आता का बाहेर काढतो आहे? ज्योतीची मुलगी पूर्वा आईसोबत महिन्याभरासाठी आमच्याकडे आली आहे. तिने नुकतंच बाळाचं अंगावरचं दूध सोडवलं. दिवसभर उदास असते आणि सारखी भूक लागते म्हणते. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, काहींना होतं असं, मन आणि भूक आपल्या जागी यायला वेळ लागतो, पोटभर खात जा. हे सांगायला दोन वाक्यं पुरली. रविवारी ती डबा उघडून चिवडा घेत होती. ज्योती हसत म्हणाली, "आजीवर गेली वं तू. आता डबे लपवा लागते."

पूर्वाने झाकण लावलं आणि दाराकडे पाठ केली.

मी समोरच बसलो होतो. गप्प बसलो. परत.

म्हणून हे लिहिलं. आज दुपारी सगळे जेवायला बसले की मोठ्याने वाचणार आहे, ज्योतीसमोर आणि पूर्वासमोर. फोनवर बहिणीलाही वाचून दाखवीन. कुणाला घास गोड लागणार नाही, न लागो. मध्ये कुणी थांबवलं तर थांबणार नाही. ऐकून माझ्याशी कसं वागायचं, ते ज्याचं त्याने पाहावं.

पाच लाडू मी खाल्ले. सुमनने एकही नाही.