सातव्या सामन्याआधीचा सल्ला

अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे प्लेऑफ सामने आमच्याकडे सकाळी लागतात. बैठकीत मोठा भाऊ आणि त्याचे दोन मित्र डावपेचांवर भांडायचे, आणि नेमकी शेवटच्या, चौथ्या क्वार्टरला मला चहाची फर्माईश व्हायची. सहाही सामन्यांचा शेवट मी स्वयंपाकघरातून नुसता ऐकला. मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आली. सातवा सामना मला पूर्ण बघायचा होता.

चाहत्यांच्या एका ग्रुपवर मी टोपणनावाने लिहायची. भावाला हे माहीत नव्हतं. तो त्या लिहिणाऱ्याला ‘पुण्याचा दादा’ म्हणायचा. सहाव्या सामन्याआधी मी लिहिलं होतं, उंच सेंटरला बाकावर बसवा, पाच चपळ खेळाडू उतरवा. प्रशिक्षकाने तेच केलं आणि आमची टीम जिंकली.

“दादाला लई कळतं बे,” भाऊ म्हणाला.

“उंच माणूस बसवून कुणी जिंकतं का? नशीब हाय नुसतं,” एक मित्र म्हणाला.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी भावाने ग्रुपवर विचारलं, “दादा, उद्या काय बदल करायचा?”

मी लिहिलं, “सेंटरला बाकावरच राहू द्या. आणि तुमच्यातल्या सगळ्यात कट्टर चाहत्याने चौथा क्वार्टर बघू नये. तेवढ्या वेळात चहा करावा.”

क्रिकेटच्या वेळी जागा न सोडणाऱ्या आमच्या घरात हे लगेच पटलं.

सकाळी चौथा क्वार्टर सुरू झाला. दोन गुणांची आघाडी होती. आतून भाऊ ओरडला, “आलं कितीक टाकू? येऊ का बाहेर?”

“कावून येतोस बे? आघाडी हाय!” दोघे मित्र एकदम ओरडले.

मी पाय वर घेऊन त्याच्या खुर्चीत नीट बसले.