एक नंबरचं गाणं आणि माझं पत्रक

माझी धाकटी मावसबहीण ख्रिसमसच्या सुटीत लेस्टरहून मिशिगनला आली, ती एक कॅसेट घेऊन. ब्रिटनमध्ये ख्रिसमसला कुठलं गाणं विक्रीत एक नंबरवर येणार, यावर लोक चक्क पैजा लावतात म्हणे. अशी गेल्या काही वर्षांची गाणी तिनं रेडिओवरून टेप केली होती. माझ्याकडे काय होतं? आफ्रिकेतल्या दुष्काळावरचं चार पानी पत्रक, मीच लिहिलेलं, मीच टाईप केलेलं.

जवळच्या नोव्हाय गावात एका काका-काकूंकडे बेसमेंटमध्ये मराठी मंडळी जेवायला जमली होती. सरकारनं अटी न घालता धान्य पाठवावं म्हणून शनिवारी आमच्या काँग्रेसमनच्या, म्हणजे इथल्या खासदाराच्या, ऑफिससमोर निदर्शनं होती. मला माणसं हवी होती. आम्ही दोघं-तिघंच उभे राहिलो असतो, तर आत कुणी खिडकीचा पडदाही सरकवला नसता.

"जेवणाआधी दुष्काळ नको गं," काका म्हणाले, आणि त्यांनी माझं पत्रक गरम पातेल्याखाली सरकवलं.

मग बहिणीनं टेपरेकॉर्डर लावला. "बेस्ट कुठलं, वर्स्ट कुठलं, व्होट करायचं हं सगळ्यांनी."

शाळकरी पोरांनी आजीवर गायलेलं गाणं एकमतानं वर्स्ट ठरलं. सगळ्यात शेवटी दुष्काळासाठी पुष्कळ गायकांनी मिळून गायलेलं गाणं लागलं. काकांनी चष्मा काढून पुसला. "हे बेस्ट," ते म्हणाले, आणि भराभर हात वर झाले.

माझा जळफळाट झाला. महिनोन्‌महिने मी घसा फोडून सांगत होते, ते यांना केस फुगवलेल्या पोरांकडून चार मिनिटांत कळलं?

"हेच सगळ्यात वाईट आहे," मी म्हणाले. "जे उपाशी आहेत त्यांचं स्वतःचं म्हणणं यात कुठेय? नुसती कीव."

"मग तू तुझं पत्रक गाऊन दाखव ना, ताई."

सगळे हसले. मी सोडून.

हसू ओसरल्यावर काकांनी तिला विचारलं, "पण धान्य पोचत का नाही तिथे?"

"ते गाण्यात नाहीये, काका. ताईला विचारा." ती हे अगदी सरळपणे म्हणाली, म्हणून जास्तच झोंबलं.

मी बोलले. अडवणूक, युद्ध, धान्यामागचं राजकारण, सगळं. या वेळी कुणी मध्ये तोंड घातलं नाही. शनिवारी येतो म्हणून काका म्हणाले, आणखी दोन घरंही तयार झाली.

"आणि ही येणार ना, कॅसेट घेऊन?" काकूंनी विचारलं. "नाहीतर थंडीत नुसतंच काय उभं राहायचं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. बोललेली मी, आणि बघायचं तिच्याकडे. पण गर्दी मला हवी होती, तिला नाही.

"ये," मी तिला म्हणाले. "टेपरेकॉर्डरमध्ये नवे सेल घालून आण."

"पण तू तर वर्स्ट म्हणालीस."

"वर्स्टच आहे. मोठ्यानं लाव."